सोलचं उल्जिरो: एका नॉबसाठी तीन दुकानं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरी राहिले, त्यांच्यासाठी हा ह्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी जिथे जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

कोरियावर एक भाग करा असे मेसेज बरेच दिवस येत होते. त्यातले निम्मे के-ड्रामावाले, निम्मे स्किनकेअरवाले. दोघांचीही आधीच माफी मागते, कारण आजचा भाग लेथ मशीन, पितळेच्या पट्ट्या आणि बाथरूमच्या टाइल्सबद्दल आहे. पण शेवटपर्यंत थांबा, बिअर पण येणार आहे.

कंपनीच्या कामासाठी मला सोलला जायला मिळालं आणि कामानंतर चार दिवस माझे स्वतःचे होते. राजवाडे, नामसानचा टॉवर, म्योंगदोंगची खरेदी हे सगळं एका दिवसात उरकलं. उरलेले तीन दिवस मी एकाच भागात फिरले, त्याचं नाव उल्जिरो. सोल शहराचे २५ 'गु' आहेत, म्हणजे आपल्या मुंबईचे जसे वॉर्ड. त्यातला जुंग-गु म्हणजे शब्दशः 'मधला वॉर्ड'. क्षेत्रफळात सगळ्यात छोटा, जेमतेम १० चौरस किलोमीटर, आणि तिथे राहणारी माणसंही सगळ्यात कमी. दिवसा मात्र पाय ठेवायला जागा नसते. उल्जिरो हा ह्या वॉर्डाचा पूर्व-पश्चिम जाणारा मुख्य रस्ता. नाव सातव्या शतकातल्या उल्जी मुनदोक ह्या सेनापतीचं, ज्याने ६१२ साली चीनच्या सुई घराण्याचं अवाढव्य सैन्य परतवलं. जपानी राजवटीत ह्या रस्त्याला जपानी नाव होतं. राजवट गेली आणि १९४६ मध्ये सेनापतीचं नाव आलं. रस्त्यांची नावं बदलण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

आधी एक टेक्निकल गोष्ट, कारण पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला हीच अडचण येणार. मी गेले तेव्हा गुगल मॅप्स कोरियात चालत जायचा रस्ता दाखवत नव्हतं. ॲप बिघडलेलं नव्हतं. १:५,००० स्केलचा सविस्तर नकाशा देशाबाहेरच्या सर्व्हरवर न्यायला सरकारची परवानगी लागते. गुगलने २००७ मध्ये मागितली, २०१६ मध्ये पुन्हा मागितली, दोन्ही वेळा सुरक्षेचं कारण देऊन नकार मिळाला. उत्तर कोरियाची सीमा सोलपासून फार लांब नाही, त्यामुळे हा विषय तिथे थट्टेचा नाही. म्हणून नावेर मॅप किंवा काकाओ मॅप घ्यायचं. नावेर इंग्रजीत चालतं आणि मेट्रोच्या कुठल्या नंबरच्या गेटने बाहेर पडायचं तेही सांगतं. सोलमध्ये पत्ता सांगताना लोक गेटचा नंबरच सांगतात. चुकीच्या गेटने वर आलात तर आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे निघता, मग पुन्हा खाली उतरा.

उल्जिरोचे १ ते ७ असे तुकडे आहेत, त्यांना 'गा' म्हणतात. मेट्रोची दोन नंबरची लाइन खालून जाते आणि तिच्यासोबत जमिनीखालीच जवळजवळ तीन किलोमीटर लांब बाजार आहे. सिटी हॉलपासून दोंगदेमुनपर्यंत पावसात न भिजता चालत जाता येतं. खाली वयस्कर मंडळी व्यायाम म्हणून फेऱ्या मारत असतात. मी गेट शोधत गोल गोल फिरत असताना एक आजी मला दोनदा ओलांडून गेल्या.

उल्जिरो ३-गाला वर आलात की खरी मजा. एका पट्ट्यात फक्त दिवे, झुंबरं आणि एलईडी. पुढे फक्त टाइल्स, कमोड, वॉशबेसिन. आत वळलात की हत्यारं, मग शिलाई मशीन, मग साइनबोर्डवाले. दक्षिणेला छापखाने. तिथे तीन चाकांच्या मोटरसायकली कागदाचे गठ्ठे लादून अशा गल्ल्यांतून जातात की आपली छत्रीही उघडणार नाही. छपाईशी ह्या भागाचं नातं जुनं आहे. जोसोन राजांचा धातूचे टाइप ओतायचा कारखाना १४०३ मध्ये सुरू झाला, तो इथेच जवळ होता. आणि उत्तरेला, चॉन्ग्येचॉन ओढ्याच्या दोन्ही बाजूंना, लेथ, मिलिंग, वेल्डिंग, ओतकाम, मुलामा. दहा बाय दहाची दुकानं. शटर वर, माणूस आत, दारात पितळेचा चमकता कीस.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय विशेष? आपल्याकडे लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात तापकीर गल्ली आहे. बरोबर. मलाही पहिल्या दिवशी तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या रेकॉर्डरचा नॉब गेला.

हा रेकॉर्डर म्हणजे ज्यावर मी बाहेरचे आवाज रेकॉर्ड करते तो. व्हॉल्यूमचा नॉब बॅगेत कुठेतरी निखळून पडला होता आणि उरली होती बारीक दांडी. इथे मध्ये जी लांबलचक काँक्रीटची इमारत आहे, सेउन सांग्गा, तिच्याबद्दल पुढे सांगते, तिच्यात मी इलेक्ट्रॉनिक पार्ट्सच्या एका दुकानात शिरले. दुकानदार साठीचे. तिथे दुकानदाराला 'साजांगनिम' म्हणतात, म्हणजे 'मालक' किंवा 'साहेब', आपण शेठ म्हणतो तसं. त्यांनी रेकॉर्डर हातात घेतला, कॅलिपरने दांडी मोजली आणि मागच्या भिंतीवरचा एक खण उघडला. खणात फक्त नॉब. शेकडो. त्यातला रंगाला आणि आकाराला बरोबर जुळणारा एक काढला, पण त्याचं भोक माझ्या दांडीपेक्षा मोठं होतं. बसवला तर लुडबुड लुडबुड.

आपल्याकडे इथे 'नाही मॅडम, कंपनीचाच घ्या' असं झालं असतं. साजांगनिमनी कागदाच्या कपट्यावर एक वर्तुळ काढलं, त्यात दुसरं वर्तुळ काढलं, दोन आकडे लिहिले आणि फोन लावला. मग पापागो ॲपमध्ये काहीतरी बोलले. स्क्रीनवर आलं, 'ओढ्याच्या पलीकडे जा, निळं शटर, तो तुझी वाट बघतोय.' गेले. निळ्या शटरवाल्या काकांनी कपटा बघितला आणि ॲल्युमिनियमची कांडी लेथला लावायला घेतली, पण हव्या त्या जाडीची कांडी त्यांच्याकडे नव्हती. ती शेजारच्या धातूवाल्याकडून आली, चालत, अर्ध्या मिनिटात. चार मिनिटांत छोटा बुश तयार. नॉबच्या आत बुश, बुशच्या आत दांडी, घट्ट. परत येऊन पैसे विचारले, तर तिन्ही दुकानांचे मिळून आपल्याकडच्या एका बऱ्या कॉफीइतके झाले.

मी सॉफ्टवेअरवाली आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच एक चित्र आलं. आपण एखादी लायब्ररी वापरतो, ती दुसऱ्या पाच लायब्रऱ्यांवर उभी असते, त्या आणखी दहांवर. वरून बघताना आपल्याला एकच ओळ दिसते. उल्जिरो तसंच आहे. कुठल्याही एका दुकानाला पूर्ण वस्तू करता येत नाही आणि करायची गरजही नसते. कोण काय करतं, कोणाकडे कुठल्या जाडीची कांडी आहे, कोणाचा हात बारीक कामाला चांगला आहे, ही माहिती कुठल्याच वेबसाइटवर नाही. ती त्या साजांगनिमच्या फोनमध्ये आणि डोक्यात आहे. ती चालते कारण सगळं हाकेच्या अंतरावर आहे. सोलमध्ये जुनं बोलणं आहे की सेउनची एक फेरी मारली तर पाणबुडी बांधून बाहेर पडता येतं. कोणी पाणबुडी म्हणतं, कोणी रणगाडा, कोणी क्षेपणास्त्र. गमतीचं वाक्य आहे, पण माझा नॉब बसल्यावर मला ते फार अतिशयोक्त वाटलं नाही.

आता सेउन सांग्गा. ती उभी असलेली जागाच विचित्र आहे. १९४५ मध्ये, महायुद्धाच्या अखेरीस, जपानी सरकारने सोलच्या मधोमध सुमारे ५० मीटर रुंद आणि साधारण एक किलोमीटर लांब पट्टा घरं पाडून मोकळा केला. बॉम्ब पडले तर आग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पसरू नये म्हणून. बॉम्ब पडले नाहीत, राजवट संपली, पट्टा तसाच राहिला. मग कोरियन युद्ध, निर्वासित, झोपड्या. १९६० च्या दशकात 'बुलडोझर' नावाने ओळखले जाणारे महापौर किम ह्योन-ओक आले, आणि किम सू-गुन ह्या तरुण आर्किटेक्टच्या आराखड्यावरून १९६७-६८ मध्ये त्या पट्ट्यावर आठ इमारतींची रांग उभी राहिली. खाली दुकानं, वर फ्लॅट, मध्ये तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर चालायचा पूल. नावाचा अर्थ साधारण 'जगाचं भाग्य इथे एकवटो'. लिफ्ट असलेले फ्लॅट ही तेव्हा मोठी चैन होती आणि बडी मंडळी राहायला आली. पुढे शहर नदीपलीकडे गांगनामला गेलं, श्रीमंत तिकडे गेले. १९८७ मध्ये योंगसानला नवा इलेक्ट्रॉनिक बाजार निघाला, मोठे व्यापारी तिकडे गेले. मधल्या काळात इथे ॲपल टूच्या नकला जुळवल्या जात होत्या आणि पायरेटेड रेकॉर्ड्स विकल्या जात होत्या. म्हणजे आपल्या क्षेत्राच्या बाबतीत ही जागा अगदीच परकी नाही.

एक गोष्ट मला फार आवडली ती सांगते. व्हिडिओ आर्टचा जनक मानला जाणारा नाम जून पाइक, त्याचं १९८८ चं 'द मोअर द बेटर' म्हणजे १,००३ टीव्हींचा मनोरा. सोलजवळ ग्वाचॉनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते सगळे टीव्ही प्रत्यक्ष जोडून चालू करणारा माणूस ली जोंग-सोंग हा सेउन सांग्गातला तंत्रज्ञ. काच-ट्यूबवाले ते टीव्ही म्हातारे झाले आणि २०१८ मध्ये मनोरा बंद करावा लागला. दुरुस्ती करून तो पुन्हा लागला २०२२ मध्ये. जगात ज्या वस्तूंचं उत्पादनच थांबलंय त्यांचे पार्ट कुठून आणायचे, हा संग्रहालयाचा प्रश्न शेवटी अशाच खणांपाशी आणि अशाच हातांपाशी येतो.

आणि हेच आता जातंय.

सेउनच्या आठ इमारतींपैकी उत्तरेकडची एक २००९ पर्यंत पाडून झाली, तिथे आता मोकळं मैदान आहे. बाकीच्याही जायच्या होत्या. २०१४ मध्ये महापौर पार्क वॉन-सून ह्यांनी तो बेत थांबवला, पूल दुरुस्त केले, वर छोटे स्टुडिओ आणले. २०२१ मध्ये ओ से-हून पुन्हा महापौर झाले आणि बेत उलटा फिरला. इमारती टप्प्याटप्प्याने पाडायच्या, मधोमध झाडांचा पट्टा करायचा आणि दोन्ही बाजूंना उंच टॉवर. बाजूच्या गल्ल्यांतली वर्कशॉप्स २०१८ पासूनच पाडली जात होती. तुम्ही फिरताना एका बाजूला लेथ आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याचं कुंपण, त्यामागे क्रेन, असं दिसेल.

ह्यात खलनायक शोधायला मी तयार नाही. ओ ह्यांचं म्हणणं खोटं नाही. छपरं गळतात, वायरिंग बघून मला घाम फुटला, अग्निशमनची गाडी त्या गल्ल्यांत शिरणार नाही, आणि सोलच्या ह्या मध्यभागात झाडं खरंच कमी आहेत. मी स्वतः काचेच्या टॉवरमध्ये बसून काम करते. तो मुंबईत ज्या जागेवर उभा आहे तिथे एके काळी गिरणी होती, हे मला माहीत आहे आणि मला तिथला एसी आवडतो. मला खटकतं ते एवढंच की 'त्यांना दुसरीकडे जागा देऊ' हे उत्तर सगळ्यांना पुरेसं वाटतं. हा प्रयोग एकदा झालाय. चॉन्ग्येचॉन ओढा १९५८ पासून काँक्रीटखाली झाकला गेला, त्यावर पुढे उड्डाणपूल आला. जुलै २००३ मध्ये तो पूल पाडायला घेतला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा झाला. महापौर ली म्योंग-बाक, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. आज तिथे पाय पाण्यात सोडून बसायला फार छान वाटतं. पाणी रोज सुमारे १,२०,००० टन पंपाने आणून सोडतात, मुख्यतः हान नदीतून, नाहीतर ओढा बराच काळ कोरडाच राहिला असता. तेव्हा काठावरच्या व्यापाऱ्यांसाठी शहराच्या आग्नेय टोकाला गार्डन फाइव्ह नावाचं प्रचंड संकुल बांधलं. पुष्कळांना तिथले दर परवडले नाहीत, जे गेले त्यांतले बरेच टिकले नाहीत. माझ्या नॉबचं उदाहरण घ्या. पार्ट्सवाले तिकडे, लेथवाले काका दुसऱ्या उपनगरात, कांडीवाला रिटायर. तिघांनाही चकाचक गाळे मिळाले तरी नॉब बसणार नाही.

वाद आता आणखी वर गेलाय, अक्षरशः. सेउनच्या समोर, रस्ता ओलांडला की जोंगम्यो आहे. जोसोन राजघराण्याच्या पूर्वजांचं देवस्थान, १३९५ चं, जळल्यानंतर १६०८ मध्ये पुन्हा बांधलेलं, १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. मुख्य इमारत १०१ मीटर लांब, १९ दालनं, आणि सजावट जवळजवळ नाही. समोर दगडी अंगण आणि शांतता. ह्याच्या समोर सेउनच्या बाजूच्या भूखंडावर किती उंच बांधायचं? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये शहराने ओढ्याकडच्या बाजूची मर्यादा ७१.९ मीटरवरून वाढवून १४० मीटरच्या वर नेली. केंद्र सरकारच्या वारसा खात्याने जोरदार विरोध केला आणि प्रकरण टीव्हीवरच्या भांडणापर्यंत गेलं. बघा गंमत, राजांच्या देवळाच्या आकाशासाठी मंत्री बोलतात. लेथवाल्या काकांसाठी बोलणारे थोडे विद्यार्थी, काही आर्किटेक्ट आणि संशोधक.

बरं, बिअर. उल्जिरोला तरुण मंडळी आता 'हिप्जिरो' म्हणतात, हिप अधिक उल्जिरो. भाडी कमी म्हणून कलाकार आले, मग कॅफे, मग बार. पाटी नाही, तिसऱ्या मजल्यावर, गंजलेल्या जिन्याने वर जायचं, वर एकदम जॅझ. संध्याकाळी वर्कशॉप्स बंद झाली की ३-गाच्या गल्लीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि भाजलेली नोगारी, म्हणजे वाळवलेला छोटा पोलॉक मासा, तिखट सॉससोबत बिअरबरोबर खातात. आपल्या सुक्या बोंबलांचा चुलतभाऊ समजा. ही पद्धत सुरू केली १९८० मध्ये उघडलेल्या उल्जी ओबी बेअर ह्या छोट्या बारने. शहराने २०१५ मध्ये त्याला 'भविष्याचा वारसा' म्हणून गौरवलं, २०१८ मध्ये सरकारने 'शंभर वर्षांचं दुकान' अशी पाटी दिली. आणि एप्रिल २०२२ मध्ये जागामालकाबरोबरचा खटला हरल्यावर पहाटे त्याला बाहेर काढण्यात आलं. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता.

ही गल्ली प्रसिद्ध झाली आपल्यासारख्यांच्या फोटोंमुळे. गर्दी वाढली, भाडं वाढलं. मग जाऊच नये का? मी तरी असं म्हणणार नाही. पण कधी जायचं आणि कुठे पैसे खर्च करायचे, हे आपल्या हातात आहे. रात्री सगळेच जातात. तुम्ही सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान जा, कारण रविवारी बहुतेक शटर बंद असतात आणि तुम्हाला फक्त 'व्हिंटेज बॅकग्राउंड' दिसेल. काहीतरी विकत घ्या. घड्याळाचा पट्टा, दिवा, स्टिकर छापून घ्या, मोडलेला नॉब न्या. हातगाडी आणि तीनचाकी आली की भिंतीला चिकटा, ती थांबणार नाही. माणसांचे फोटो काढायचे तर आधी विचारा, 'साजिन चिगोदो द्वेयो?' नाही म्हणाले तर हसून 'काम्साहाम्निदा' आणि पुढे. मी आवाज रेकॉर्ड करायला विचारलं तेव्हा लेथवाले काका म्हणाले की मशीनचाच आवाज घे, माझा नको. भागात मध्ये जो कर्रर्र ऐकू येतो तो त्यांच्याच मशीनचा आहे.

जोंगम्योला मंगळवारी सुट्टी असते. इतर वारी बहुधा गाइडबरोबर ठरलेल्या वेळीच आत सोडतात, शनिवार-रविवारी स्वतः फिरता येतं. तिकीट १,००० वोन. तिथून सेउनच्या पुलावर या आणि जमलं तर गच्चीवर जा. एका बाजूला देवळाची झाडी, दुसऱ्या बाजूला नामसान डोंगर आणि मध्ये पत्र्यांची छपरं. नकाशातून जे कळत नाही ते तिथे दोन मिनिटांत कळतं.

शाकाहारी श्रोत्यांनो, तुमचे मेसेज येण्याआधीच सांगते. ओढ्याच्या काठाने पंधरा मिनिटं पूर्वेला चालत गेलात की १९०५ पासूनचा ग्वांगजांग बाजार लागतो. तिथे जात्यावर दळलेल्या मुगाचं जाडजूड धिरडं तळतात, बिन्देत्तोक. दिसायला अगदी आपलं, पण त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस किंवा चरबी असते, त्यामुळे मागवण्याआधी पापागोवर लिहून दाखवा. मी दाखवलं. मावशींनी मान हलवली, नाही म्हणाल्या, आणि समोरच्या गाड्याकडे बोट केलं.